गुडघ्याइतकं कुत्रं

निधनाच्या बातम्यांसाठी आमच्या पानाचा खालचा कोपरा ठरलेला आहे. वाशीमहून आलेली ती बातमी मोजक्या ओळींची होती. सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक उत्तमराव इंगोले यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, नात असा परिवार आहे. नाव बरोबर होते, हुद्दा बरोबर होता. दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. मी ती पानावर सोडली.

अशा बातमीत कुत्र्याचा उल्लेख करण्याची पद्धत नाही. पण इंगोलेंच्या शेवटच्या काळाविषयी लिहायचे तर कुत्र्याशिवाय लिहिता येत नाही.

मी वाशीमला नवा वार्ताहर होतो तेव्हा बातम्या आणि फोटोंचे पाकीट अकोल्याच्या एस.टी.ने जात असे. रोज दुपारी ते पाकीट घेऊन मी चौकशीच्या खिडकीशी उभा राहायचो. आत इंगोले बसलेले असत. उंच माणूस, आणि खिडकी बुटक्या माणसाच्या मापाची. वर्षानुवर्षे वाकून बोलल्यामुळे ते उभे असतानाही किंचित पुढे झुकलेले दिसत, जणू समोरचा काहीतरी विचारणारच आहे.

त्यांच्या माईकवरून गाडी उशिरा आहे असे कधी ऐकू आले नाही. गाडी मालेगावला पंक्चर होऊन पडलेली असली तरी ते संथ आवाजात सांगत, ‘अकोला-पातूर-मेडशी-मालेगावमार्गे येणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल.’ एकदा मी विचारले, खरे का सांगत नाही? त्यांनी माईकचे बटण बंद असल्याची खात्री केली आणि म्हणाले, “पाह्य बावा, गाडी लेट हाय म्हनलं का मानूस माह्यावर येते. येऊन राह्यली म्हनलं का तो रस्त्याकडे पाह्यते. रस्त्याकडे पाह्यनारा मानूस भांडत नाही.”

भेटलेल्या प्रत्येकाला ते गाव विचारत आणि त्या गावची शेवटची गाडी सांगत. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. पत्नी कमलबाई गेल्या तेव्हा तेराव्याच्या दिवशी मंडपात बसून त्यांनी पाहुण्यांना एकेक करून उठवले. “रिसोडवाले, निघा आता. आसेगाववाले, तुमची एकच गाडी राह्यली, मंग मंगरूळले अडकान.” लोक डोळे पुसत उठले आणि बसस्थानकाकडे गेले. मंडप वेळेआधी रिकामा झाला. इंगोले एकटेच खुर्च्या एकात एक रचत राहिले.

कुत्र्यांबद्दल त्यांची मते पक्की होती आणि ती मेडशीची होती. मेडशीला त्यांचे वडिलोपार्जित शेत. सोयाबीन, तूर आणि रानडुकरांचा त्रास. अशा वावरात कुत्रे लागते आणि ते मोठेच लागते. त्यांच्या घरच्या कुत्र्यांची नावे हवालदार, जमादार, फौजदार अशी चढत्या क्रमाने असत. ही कुत्री कधी उंबऱ्याच्या आत आली नाहीत. आई भाकरी लांबूनच फेकायची. त्यांना कोणी कुरवाळत नसे, कारण हात लागला की राखणीचे कुत्रे बिघडते अशी त्या भागात समजूत आहे. “म्या फौजदारले जलमात हात लावला नाही,” इंगोले अभिमानाने सांगत. “पन म्या वावरात गेलो का तो वीस पावलं मांगं चालत ये. मानसानं तसंच राह्यलं पाह्यजे.”

लहान कुत्र्यांची ते थट्टा करत. एकदा एका अधिकाऱ्याच्या पत्नी पांढरे पामेरियन प्लॅस्टिकच्या टोपलीत घालून गाडीत बसल्या. कंडक्टरने हरकत घेतली. बाई उतरेनात, गाडी सुटेना. शेवटी प्रकरण खिडकीशी आले. इंगोले बाहेर आले, टोपलीत वाकून पाहिले आणि निकाल दिला, “बाई, हे खाली ठेवलं तर सामान होते. मांडीवर घेतलं तर लेकरू. तुमीच ठरवा.” बाईंनी ते मांडीवर घेतले, गाडी सुटली. मग ते आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, “हे कुत्रं हाय का मांजरीचं पोट्टं? दारात उभं राह्यलं तर चोर त्याले खिशात घालून नेईन.”

हाच माणूस पुढे एका लहान कुत्र्यासाठी झुरला.

कमलबाईंनंतर इंगोले वाशीमच्या दोन खोल्यांत एकटे राहत. मुलगी मनीषा पुण्याला नोकरीत. ती दर आठवड्याला म्हणे, बाबा, कायमचे इकडे या. ते दर आठवड्याला नाही म्हणत. “तिथं दिवसभर म्या काय करू? लिफ्टचे बटन दाबू?” पण नात ओवी शाळेत जाऊ लागली, फोनवर चेहरा दाखवून बोलू लागली आणि त्यांचा नकार सैल पडत गेला. फोन संपल्यावर ते बराच वेळ काळा पडदा हातात धरून बसत. समोर राहणाऱ्या सलीमभाईंनी ते पाहिले होते.

मग ओवीने कुत्रा मागितला. आई-वडील दोघे नोकरीवर, कुत्र्याला दिवसभर कोण सांभाळणार? मनीषाला तोड सुचली. तिने फोन केला. “बाबा, तुम्ही कुत्रं घेऊन या. ते तुम्हाला सोबत आणि तुम्ही त्याला. फक्त लहान आणा. घरमालक म्हणतात, गुडघ्याच्या वर जाणारं कुत्रं चालणार नाही.”

ही अट इंगोलेंनी साऱ्या गल्लीला आनंदाने सांगितली. आता पुण्याला त्यांच्यासाठी काम होते. पाहुणे म्हणून जाणे त्यांना जड जात होते. कुत्र्याचा माणूस म्हणून जायला त्यांची ना नव्हती.

मेडशीहून धाकटे भाऊ बबनराव पिल्लू घेऊन आले. कापडी पिशवीतून पांढरे डोके बाहेर आलेले.

“मायची गॅरंटी हाय, दादा. असल पामेरियन. मालेगावच्या डॉक्टरच्या घरची.”

“अन् बाप?”

“बाप कोनी पाह्यला? पन माय पाह्य ना. माय एवढीशी हाय.”

त्यांनी पिल्लाचे नाव ‘मिनी’ ठेवले. पिल्लू नर होते. शेजारच्या बायका हसल्या, पोराचं नाव पोरीचं काहून? इंगोलेंनी खुलासा केला, “पोरीचं नाही, गाडीचं हाय. मिनीबस. छोटी गाडी.” आणि ज्या माणसाने फौजदाराला जन्मात हात लावला नव्हता तो सकाळ-संध्याकाळ ओट्यावर मिनीला मांडीवर घेऊन बसू लागला. राखणीचे कुत्रे हाताने बिघडते, पण हे राखणीचे नव्हतेच. हे ओवीचे होते. आपण ते फक्त पोचवणार आहोत, असे ते सांगत.

ताबडतोब जायला काही अडचणी होत्या. पिल्लाच्या सुया पुऱ्या व्हायच्या होत्या. त्याला बाहेर जाण्याची सवय लागायची होती. मनीषाचे घर नवे, तिथे घाण नको. दिवाळी झाली की निघतो, असे ठरले. दिवाळीच्या सुमारास मिनीच्या पंजांकडे पहिल्यांदा सलीमभाईंचे लक्ष गेले.

सलीमभाई मोटारसायकलींची सीट कव्हरे शिवत. दुकान घरालाच लागून. मिनीचा गळपट्टा त्यांनी लाल रेक्झिनचा शिवून दिला होता. त्याच्या मापाचीही एक रीत होती. कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी सगळे धुणे आले, म्हणून सलीमभाई मिनीला हात लावत नसत. ते टेप पुढे करत, इंगोले ती कुत्र्याच्या मानेभोवती गुंडाळत आणि आकडा वाचून सांगत. सलीमभाई तो ऐकून कातरत. दोघांच्या मैत्रीत ही सोय चांगली बसली होती.

“साहेब,” सलीमभाई एकदा म्हणाले, “याचे पंजे पाह्यले का? पंजा पह्यले येते. कुत्रं मांगून येते.”

“थंडीनं सुजले असतीन,” इंगोले म्हणाले.

काही दिवसांनी पट्टा मानेत रुतू लागला. इंगोले तो काढून दुकानात घेऊन आले. मी तेव्हा सीट शिवायला टाकून तिथेच बसलो होतो.

“सलीमभाई, तुमचं रेक्झिन आटलं.”

“रेक्झिन? साहेब, चाळीस साल झाले मले या धंद्यात. रेक्झिन आटते का कदी?”

“मंग हे काय हाय? पट्टा आखूड झाला.”

सलीमभाईंनी पट्टा पाहिला. मग समोरच्या ओट्यावर पसरलेल्या मिनीला पाहिले. मिनीचे पुढचे पाय ओट्याच्या कडेवरून खाली लोंबत होते. सलीमभाई काहीतरी बोलणार होते. पण त्यांची नजर इंगोलेंच्या चेहऱ्यावर गेली आणि ते थांबले.

“हाव,” ते म्हणाले. “आटते कदी कदी. ऊन लागलं का आटते. द्या, दुसरा शिवतो.”

नवा पट्टाही लौकरच आखूड झाला. कारण टेप इंगोलेंच्या हातात होती आणि ते ती मिनीच्या केसांत शिरेपर्यंत आवळून धरत, मग आकडा वाचत. सलीमभाईंना हे दिसत होते. ते ऐकलेला आकडा मोठ्याने म्हणत आणि कातरताना गुपचूप बोटभर जास्त कातरत.

हळूहळू सगळी गल्ली यात सामील झाली. कोणी ठरवून केले नाही. इंगोलेंनी विचारले, “थांबला ना आता वाढाचा?” की समोरचा म्हणे, “थांबला वो, कवाचाच थांबला.” दूधवाला म्हणे, केस फुगलेत, आंग लाहानच हाय. ज्यांना खोटे बोलणे जमत नसे ते मिनीकडे न पाहता नमस्कार करून पुढे जात. रोज सकाळी इंगोले दाराच्या चौकटीशी ताठ उभे राहत आणि मिनीला पायाशी उभे करत. अट गुडघ्याची होती, आणि गुडघा कोणाचा ते घरमालकाने सांगितलेले नव्हते. इंगोले उंच होते. त्यामुळे त्यांना काही आठवडे जास्त मिळाले.

मध्यंतरी कोणीतरी सांगितले की खाणे कमी केले की वाढ खुंटते. इंगोलेंनी एका संध्याकाळी मिनीला अर्धीच भाकरी घातली. मिनीने ती संपवली, रिकाम्या ताटलीशी बसला आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. इंगोले स्वतः जेवायला बसले. मग स्वतःच्या ताटातली भाकरी उचलून त्यांनी ताटलीत टाकली, वर दूध ओतले आणि पाण्याचा ग्लास पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना म्हणाले, “उपाशी ठेवून लाहान ठेवाचं, मंग ते लाहान काय कामाचं?” तो प्रयोग तिथेच संपला.

ओवीला फोटो हवा होता. इंगोलेंनी मला बोलावले. फोटो काढणे माझ्या कामाचा भाग होता. घरी काढू म्हटले तर ते म्हणाले, “घरी नाही. बसस्टँडवर.” तिथे त्यांनी मिनीला फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसवले. अख्खी गाडी फोटोत आली पाहिजे, असे बजावले. मी मागे सरत सरत स्थानकाच्या फाटकापर्यंत गेलो. ड्रायव्हर-कंडक्टर गोळा झाले. एक जुना ड्रायव्हर मिनीकडे पाहून गंभीरपणे म्हणाला, “साहेब, आपली गाडी काहून लाहान दिसून राह्यली?” सगळे हसले. इंगोलेही हसले, पण कुत्र्याची मान दाबून त्याला आणखी खाली बसवत राहिले.

फोटोत मिनी खरोखरच इवलासा दिसत होता. संध्याकाळी ओवीचा आवाज आला, “आजोबा, किती छोटासा आहे! लवकर आणा ना!” तो निरोप इंगोलेंनी सलीमभाईंना ऐकवला, दूधवाल्याला ऐकवला, मला दोनदा ऐकवला. नंतर ते ओट्यावर बसून तो एकटेच ऐकत होते. मिनी शेजारी होता. बसलेल्या मिनीचे डोके बसलेल्या इंगोलेंच्या खांद्याला लागत होते.

त्यांनी संक्रांतीला येतो म्हणून सांगितले, मग शिवरात्रीला. शेवटी मनीषाच आली. न कळवता, गाडीने, ओवीला घेऊन, वडिलांचे सामान बांधून न्यायच्या तयारीने. हा प्रसंग मी पाहिलेला नाही. पण तो सलीमभाईंनी मला सांगितला, नंतर मनीषाने सांगितला, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

गाडीचे दार उघडले तसा मिनी ओट्यावरून उडी मारून आला आणि त्याने दोन्ही पंजे मनीषाच्या खांद्यांवर ठेवले. ती दचकून गाडीला टेकली.

“बाबा, हे कोणाचं कुत्रं?”

इंगोले दारात उभे होते. तेवढ्यात दुकानातून सलीमभाई म्हणाले, “माहं हाय, बेटी.”

ज्या माणसाने त्या कुत्र्याला कधी बोट लावले नव्हते त्याने हे पुऱ्या गल्लीसमोर सांगितले. ते निभावलेही असते. पण गाडीतून उतरणारी ओवी मिनीला शोधत होती. “मिनी! मिनी कुठे आहे?” तिने हाक मारली आणि मनीषाच्या खांद्यांवरचे पंजे खाली आले. मिनी वळून थेट ओवीपाशी गेला, तिच्या पायांशी आडवा झाला आणि पोट वर करून पडला. ओवीने त्याच्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि म्हणाली, “आई, हा मोठा मिनी आहे.”

मनीषा हसत सुटली. हसता हसता ओट्यावर बसली आणि मग तिने ओढणी डोळ्यांना लावली. पुण्यात इतकी वर्षे काढलेल्या तिच्या तोंडून वऱ्हाडी आली.

“बाबा, मले सांगाचं होतं ना वो. काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तर तू म्हनली असती, राहू द्या.”

“कुत्र्याले राहू द्या म्हनली असती. तुमाले नाही.”

मनीषा दोन दिवस राहिली. ओवीने त्या दोन दिवसांत मिनीच्या पाठीला टेकून चित्रे काढली, त्याच्या पोटावर डोके ठेवून झोपली. मनीषाने घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, अट अट आहे. मग एकच वाट उरली आणि ती इंगोलेंनीच काढली. मिनी मोठा झाला आहे ना, मग मोठ्या कुत्र्याची जागा वावरात. त्याला मेडशीला बबनकडे द्यायचे, घर बंद करायचे आणि पुण्याला जायचे. त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितले की मनीषाने तिथेच त्यांच्या प्रवासाचा दिवस ठरवला. ओवीच्या शाळेसाठी ती पुढे गेली. जाताना ओवी रडली, पण आजोबा येणार म्हणून गप्प झाली.

बबनराव न्यायला आले त्या दिवशी इंगोले मिनीला घेऊन सलीमभाईंकडे गेले. वावरात साखळीने बांधायचे तर पट्टा मजबूत हवा. सलीमभाईंनी टेप काढली, नेहमीप्रमाणे पुढे केली. इंगोलेंनी ती घेतली नाही. ते नुसते उभे राहिले, दोन्ही हात बाजूला सोडून.

सलीमभाई खाली बसले. त्यांनी स्वतः मिनीच्या मानेभोवती टेप फिरवली, केसांखालून, न आवळता. मिनीने त्यांचा हात चाटला. त्यांनी हात मागे घेतला नाही. आकडा त्यांनी मोठ्याने म्हटला नाही. कातरले, दुहेरी शिलाई मारली, पट्टा बांधला. मग दुकानामागच्या नळाशी जाऊन बराच वेळ हात धूत बसले. “तेवढ्यात बबनराव त्याले घेऊन गेले,” ते मला म्हणाले. “म्या मुद्दाम नळ बंद नाही केला.”

त्यानंतरचा भाग बबनरावांचा. तेही त्यांच्या जागी बरोबरच होते. त्यांनी मिनीला वावरातल्या खोपीशी बांधले, जसे हवालदाराला आणि जमादाराला बांधत. लांबून भाकरी टाकली. जवळ गेले नाहीत, कोणाला जाऊ दिले नाही. मिनी भाकरी सोडून माणसांकडे पाहत राहिला. सोडला तर डुकरांच्या मागे जाण्याऐवजी तो शिडीवरून माचावर चढला आणि राखणीला बसलेल्या बबनरावांच्या मांडीवर बसू पाहू लागला. माच एका बाजूला कलला. डुकरे खाली हरभरा खात होती. बबनरावांनी भावाला फोन केला. “दादा, हे कुत्रं नाही. हे लेकरू हाय. येवढं मोठ्ठं लेकरू. याले म्या काय करू?”

पुढचे काही मला मनीषाकडून कळले. ती तिकडे दुसरे घर शोधू लागली होती. तळमजल्याचे, अंगण असलेले, जिथे घरमालक गुडघ्याची अट घालणार नाही. पुण्यात असे घर सहज मिळत नाही. वडिलांना तिने हे सांगितले नव्हते. मिळाल्यावरच सांगू म्हणून. घर मिळाले तेव्हा इंगोले दवाखान्यात होते. मिनी आता त्या घरी असतो. ओवी त्याच्याबरोबर अंगणात अभ्यास करते. मनीषा म्हणाली, दाराशी मोटारसायकल थांबली की तो उठून सीटचा वास घेतो. हे ती फोनवर सांगत होती, आणि मग तिने फोन ठेवला.

अकोल्याच्या कचेरीत बदली होण्याआधी इंगोलेंना मी शेवटचे पाहिले ते मेडशीला. रानडुकरांच्या नुकसानीच्या बातमीसाठी मी तिकडे गेलो होतो. दुपारची वेळ. गाड्या थांबतात तिथल्या कडुलिंबाखाली बाकावर ते बसले होते आणि मिनी त्यांच्या पायांवर पसरला होता. साखळी नव्हती. पट्टा होता, पण सैल. मिनी वाळला होता.

“काका, उद्या पुण्याला निघायचं होतं ना?”

“हाव. उद्याचंच हाय.” त्यांनी मिनीच्या कानामागे हात फिरवला. “पाह्याले आलो होतो फक्त. म्हनलं, जायच्या आंधी एक चक्कर मारू. बबन म्हने, आठ-पंधरा रोज बांधून ठेव, जवळ जाऊ नको, सुदरते. खरं हाय त्याचं. सुदरलाबी असता. पन याले कोनं बिघडोलं? म्याच ना. मोठ्ठं कुत्रं लाहान म्हनून वाढोलं. आता हे ना वावराचं, ना तिच्या फ्लॅटीचं.”

“मग?”

“मंग काय. जिथं याले लाहान म्हनतात, त्या आपल्या गल्लीतच न्या लागते.”

वाशीमची गाडी आली. कंडक्टर तरुण होता, त्यांना ओळखत नव्हता. त्याने पायरीवरूनच हात हलवला. “बावाजी, येवढं मोठं कुत्रं नाही चालत गाडीत.” मी पुढे होऊन सांगू लागलो की हे कोण आहेत. इंगोलेंनी मला थांबवले. “जाऊ दे. बरोबर हाय त्याचं. म्याबी नसतं घेतलं.” आणि कंडक्टरला म्हणाले, “जा बाबू, लोकायले उशीर होते.”

गाडी गेल्यावर वाशीमच्या बाजारात सोयाबीन घेऊन जाणारा एक टेंपो थांबला. ड्रायव्हरने मागे पोत्यांवर बसायची परवानगी दिली. इंगोले चढले. मिनी खालीच उभा राहिला. एका उडीत वर येण्याएवढा तो कधीच झाला होता, पण त्याने पुढचे दोन पाय वर केले आणि उचलण्याची वाट पाहत राहिला. ड्रायव्हरने आणि मी त्याला खालून ढकलले, इंगोलेंनी वरून बगलेत धरून ओढले. ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला, “काका, काय खाऊ घालता याले?” इंगोले म्हणाले, “अर्धी भाकर.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ओवीचा चेहरा दिसला. शाळेचा गणवेश अंगावरच होता.

“आजोबा, उद्या येणार ना? मी दारावर नाव लिहिलंय तुमचं.”

टेंपो सुरू झाला होता, पण जागचा हलला नव्हता. इंगोलेंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“नाही, बेटा,” ते म्हणाले. “म्या नाही येत आता. तुमीच या. सुट्टी लागली का या.”

पडद्यावर ओवीचा चेहरा जवळ आला. मग तिने हळू विचारले, “मिनी आहे तिथे?”

“हा काय,” म्हणून त्यांनी फोन वळवला. मिनीने पडद्याला नाक लावले.

टेंपो निघाला. मी रस्त्याच्या कडेला सरलो. तो वळणापर्यंत जाईतो मागची बाजू मला स्पष्ट दिसत होती. मिनी पोत्यांवर आडवा झाला होता आणि त्याचे पुढचे अर्धे अंग इंगोलेंच्या मांडीवर होते. बाकीचे मावत नव्हते. त्याला जागा व्हावी म्हणून ते सरकत सरकत फळीला टेकले होते. फोन अजून तसाच कुत्र्याच्या तोंडासमोर धरलेला होता, आणि त्या पडद्यात काय दिसत आहे ते त्यांना स्वतःला दिसत नव्हते.